कंडरेचं दुखणं आणि चुंबकीय क्षेत्राचा उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदा, कोपर किंवा टाच धरून येणारी बरीच माणसं हल्ली खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "तुमच्याकडे ते मॅग्नेटचं मशीन आहे का?" कुणाच्या भावाला गुण आलेला असतो, कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, तर कुणी घरी आधीच गादी विकत घेऊन ठेवलेली असते. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला हा उपचार आवडतो. त्याच्यामागे खरं विज्ञान आहे. पण त्याच्या नावावर जे सांगितलं आणि विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं त्या विज्ञानात नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र लिहिते आहे.

कंडरा म्हणजे काय? शीर आणि कंडरा एकच का?

बोलताना आपण सगळ्यालाच शीर म्हणतो. रक्तवाहिनी शीर, मज्जातंतू शीर आणि टाचेमागची ती दोरीसुद्धा शीर. "शीर ताणली" असं सांगत येणाऱ्याची बहुतेकदा कंडरा दुखावलेली असते. स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट दोर म्हणजे कंडरा. ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची बनलेली असते आणि हे धागे सुंभाच्या पिळासारखे एकाच दिशेने लागलेले असतात. धावताना टाचेमागच्या अकिलीस कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो आणि ती तो सहज पेलते.

तिची अडचण वेगळी आहे. तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा. अकिलीसमध्ये टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग यात सर्वांत गरीब, आणि नेमकी तिथेच ती जास्त दुखते नि तुटते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये या कंडरेचं वय मोजलं. अणुचाचण्यांमुळे १९५० आणि ६०च्या दशकांत हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. कंडरेच्या गाभ्यात तो किती उरला आहे हे त्यांनी पाहिलं. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत जो गाभा तयार होतो तो पुढे जवळजवळ बदलतच नाही, असं त्यातून दिसलं. "तीन आठवडे झाले तरी बरं का होत नाही?" असं कुणी विचारलं की मला हा अभ्यास आठवतो.

चुंबकीय क्षेत्राचा उपचार म्हणजे नेमकं काय करतात?

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, वीज थांबून थांबून सोडतात. त्यामुळे आजूबाजूला क्षणोक्षणी वाढणारं-घटणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की बदलतं चुंबकीय क्षेत्र वीज निर्माण करतं. तोच नियम शरीरातही लागू होतो. कॉइल खांद्यावर ठेवली की आतल्या पेशींभोवती अतिशय मंद विद्युत क्षेत्र तयार होतं. त्वचेला काही चिकटवावं लागत नाही आणि प्लास्टर असलं तरी क्षेत्र आत पोचतं. याला पीईएमएफ म्हणतात. 'पी' म्हणजे पल्स्ड, ठोक्याठोक्याने येणारं.

क्षेत्राची ताकद किती? कंडरेच्या पेशींवरच्या बऱ्याच प्रयोगांत ती दीड मिलिटेस्ला होती. (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप, मिलिटेस्ला त्याचा हजारावा भाग.) पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र याच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढं असतं. एमआरआयचं नेहमीचं यंत्र मात्र दीड टेस्लाचं, म्हणजे याच्या हजारपट. तेव्हा "फार पॉवरफुल चुंबक" या शब्दांनी भारावून जाऊ नका. या उपचारात क्षेत्राची नुसती ताकद कामाची नसते, ते कसं बदलतं यालाही तितकंच महत्त्व असतं.

मग चुंबकाचं कडं, चुंबकाची चप्पल, चुंबकाचा पट्टा हेही तेच झालं ना?

नाही. त्यातला चुंबक स्थिर असतो. त्याचं क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे स्थिर बसलेल्या माणसाच्या पेशींभोवती वीज तयार होण्याचा प्रश्नच येत नाही. पीईएमएफवरचा कुठलाही अभ्यास दाखवून कडं विकणारा माणूस तुम्हाला चुकीचं सांगतो आहे.

ही कल्पना आली कुठून?

हाडांपासून. जपानमध्ये इवाओ यासुदा आणि एइइची फुकादा यांनी १९५७ मध्ये दाखवलं की कोरड्या हाडावर दाब दिला तरी त्यात किंचित वीज निर्माण होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद अँड्र्यू बॅसेट यांनी हा धागा पुढे नेला. हाड जर वीज तयार करत असेल, तर बाहेरून वीज देऊन ते जुळवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हाडांवर कॉइल वापरून हाड जुळायला मदत होते असं प्रसिद्ध केलं. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा यंत्राला १९७९ मध्ये मान्यता दिली.

ही मान्यता न जुळणाऱ्या हाडासाठी होती, कंडरेसाठी नव्हती. "अमेरिकेत मान्यताप्राप्त" एवढंच छापून जेव्हा टेनिस एल्बोसाठी, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेच्या दुखण्यासाठी, यंत्र विकलं जातं, तेव्हा मान्यता एका कामाची आणि विक्री दुसऱ्याच कामाची असते. हा फरक तुमच्यापर्यंत पोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याने दाह कमी होतो म्हणतात. तो कसा?

प्रयोगशाळेत दिसलेल्या दोन वाटा सांगते.

पहिली वाट अडेनोसिनची. इजा झाली की शरीर अडेनोसिन नावाचा रेणू सोडतं आणि तो पांढऱ्या पेशींना "आता पुरे" असा निरोप देतो. हा निरोप घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावर असतात. इटलीतल्या फेरारा इथल्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास दाखवलं की पीईएमएफ दिल्यावर पांढऱ्या पेशींवर यातल्या काही प्रकारच्या ग्राहकांची संख्या वाढते. शरीराचा स्वतःचाच निरोप अधिक नीट ऐकू जातो आणि दाह भडकवणारे पदार्थ कमी सुटतात. पुढे इटलीतच माणसाच्या कंडरेच्या पेशी बशीत वाढवून त्यांना दीड मिलिटेस्लाचं, ७५ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ७५ ठोक्यांचं, क्षेत्र दिलं गेलं. त्या पेशींनी दाह शमवणारा इंटरल्यूकिन-१० हा पदार्थ जास्त प्रमाणात सोडला.

दुसरी वाट कॅल्शियमची. क्षेत्रामुळे पेशीतलं कॅल्शियम कॅलमॉड्युलिन या प्रथिनाला लवकर बांधलं जातं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या किंचित सैलावतात आणि सूज उतरायला मदत होते, अशी मांडणी आहे. ही मांडणी मुख्यतः दुसऱ्या जातीच्या यंत्रांवरून पुढे आली. ती यंत्रं २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी तुकड्यातुकड्यांनी, ऊब न देता सोडतात. दोन्ही जातींना बाजारात एकच नाव आहे. एका जातीवर झालेला अभ्यास दुसऱ्या जातीच्या यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेला मी पाहिला आहे.

उंदरांवरचे निकालही उत्साह वाढवणारे आहेत. उंदराची अकिलीस कापून शिवली आणि पीईएमएफ दिलं, तर तीन आठवड्यांनी ती उपचार न दिलेल्या कंडरेपेक्षा ६९ टक्क्यांपर्यंत अधिक ताण पेलू शकली. हा २००६ चा अभ्यास आहे. मात्र त्या कंडरा ताज्या कापलेल्या आणि लगेच शिवलेल्या होत्या. दोन वर्षं दुखत आलेला कोपर ही वेगळी गोष्ट आहे.

दाह कमी झाला की कंडरा बरी होणारच ना?

सगळ्या गैरसमजाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कंडरेला ताजी इजा झाली की पहिले काही दिवस दाह असतो आणि तो हवाच असतो. पांढऱ्या पेशी येऊन तुटके धागे उचलतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत घाईघाईने नवं कोलॅजन विणलं जातं, पण ते कच्चं आणि कसंही विखुरलेलं असतं, शास्त्राच्या भाषेत तिसऱ्या प्रकारचं. मग महिनोन् महिने, कधी वर्षभर, त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं पक्कं कोलॅजन येतं आणि धागे ताणाच्या दिशेने लागतात. यातली पहिली पायरी पूर्ण दाबून टाकली तर पुढच्या पायऱ्याही लंगड्या पडतात.

तीन-चार महिन्यांहून जुनं दुखणं याहून वेगळं असतं. अशा कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नेहमीच्या अर्थाचा दाह फारसा दिसत नाही. दिसतात ते विस्कटलेले धागे, मध्ये साठलेला चिकट पाणीदार पदार्थ आणि जिथे नसायला हव्यात तिथे उगवलेल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणूनच डॉक्टर आता टेंडिनायटिस (कंडरेचा दाह) ऐवजी टेंडिनोपॅथी (कंडरेचा विकार) म्हणतात. दाहाचा त्यात काहीच वाटा नसतो असं नाही. अलीकडे तिथेही दाहाशी संबंधित पेशी आणि रेणू सापडले आहेत. पण मुख्य दुखणं वीण उसवल्याचं आहे. आग विझवली म्हणून जळलेला वासा नवा होत नाही.

पीईएमएफ दाह शमवतं हे मान्य केलं, तरी जुन्या दुखण्यात ते एकटं पुरेल अशी अपेक्षा धरू नका.

माणसांवर काय सिद्ध झालं आहे?

आधी एक चांगली गोष्ट. हे क्षेत्र सहसा जाणवत नाही. त्यामुळे बंद कॉइल लावलेल्या रुग्णाला आपली कॉइल बंद आहे हे कळत नाही आणि खऱ्या-खोट्याची तुलना प्रामाणिकपणे करता येते. मसाज किंवा सुयांच्या बाबतीत असं करणं फार अवघड जातं.

१९८४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केंब्रिजच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. खांद्याच्या रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या कंडरांचं, हट्टी दुखणं असलेले, स्टेरॉइडनेही न सुधारलेले २९ रुग्ण होते. पंधरा जणांना चालू कॉइल मिळाली, चौदा जणांना बंद. पहिल्या चार आठवड्यांत चालू कॉइलवाल्यांना स्पष्ट फरक पडला. पुढचे चार आठवडे सगळ्यांनाच चालू कॉइल दिली आणि दोन्ही गट सारखे झाले. शेवटी २९ पैकी १९ जणांना काहीच त्रास उरला नव्हता. छोटा, पण नेटका अभ्यास. या विषयातली बरीचशी आशा त्याच्यावरच उभी राहिली.

त्याच केंब्रिजच्या मंडळींनी १९८५ मध्ये हाच प्रयोग टेनिस एल्बोच्या ३० रुग्णांवर केला. आठ आठवड्यांत चालू आणि बंद कॉइलमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. जाहिरातीत पहिला अभ्यास असतो, हा दुसरा नसतो.

२००७ मध्ये तुर्कस्तानातून दोन अभ्यास आले, आणि तेही एकमेकांना छेद देणारे. टेनिस एल्बोच्या ६० रुग्णांचे तीन गट केले होते : पीईएमएफ, खोटं पीईएमएफ आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन. तीन आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, तीन महिन्यांनी पीईएमएफवाल्यांचं दुखणं कमी होतं. खांद्याच्या ४६ रुग्णांवरच्या दुसऱ्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना पीईएमएफची जोड दिली, तर वेगळा फायदा दिसला नाही. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये खांद्याच्या ५६ रुग्णांना आधी तीन आठवडे पीईएमएफ आणि मग व्यायाम दिला. त्यांचं दुखणं, ताकद आणि हालचाल बरी सुधारली.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे : काही लोकांना, काही काळ, दुखणं कमी व्हायला मदत होते. खांद्यासाठीचा पुरावा कोपरापेक्षा थोडा बरा आहे. पण अभ्यास लहान आहेत, प्रत्येकाने क्षेत्र वेगळं वापरलं आहे, आणि "कंडरा भरून आली" असं माणसात ठामपणे दाखवलेलं नाही.

खांद्याची कंडरा शिवण्याचं ऑपरेशन झालं आहे. त्यानंतर उपयोग होईल?

इथे थोडा अर्थ आहे. दुर्बिणीतून रोटेटर कफ शिवलेल्या ६६ रुग्णांवरच्या, २०१५ मध्ये इटलीतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीईएमएफ घेतलेल्यांना तीन महिन्यांच्या तपासणीत दुखणं कमी होतं आणि हात जास्त मोकळा होता. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे सुरुवातीचे कठीण आठवडे थोडे सुसह्य झाले, मुक्काम तोच राहिला. ज्यांना झोळीत हात अडकवून रात्र बसून काढावी लागते त्यांना हेही कमी वाटणार नाही. मात्र निर्णय तुमच्या शल्यविशारदाला विचारूनच घ्या, कारण टाके कुठल्या अँकरने, म्हणजे हाडात बसवलेल्या बारीक खुंटीने, धरले आहेत हे त्यांनाच माहीत असतं.

किती वेळ, किती दिवस घ्यायचं?

सर्वमान्य डोस ठरलेला नाही. दवाखान्यात सहसा २५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, तीन आठवडे असा क्रम असतो आणि वर सांगितलेले तुर्की अभ्यास याच धर्तीवर झाले. घरी लावायच्या कॉइल रोज काही तास बांधायच्या असतात. मी पंधरा बैठकांनंतर थांबून हिशोब करते. तोवर काहीच फरक नसेल तर पुढच्या पंधरा बैठकांचे पैसे मी घेत नाही.

उपचार चालू असताना काय वाटतं?

बहुतेकांना काहीच नाही. कुणाला हलकी ऊब किंवा मुंग्या जाणवतात. चटका बसता कामा नये. बसला तर ते यंत्र वेगळं आहे किंवा बिघडलेलं आहे, लगेच सांगा.

माझ्या खांद्याला करंट लावतात, तो हाच का?

तुम्ही म्हणता तो करंट म्हणजे आयएफटी किंवा टेन्स. त्यात चिकटपट्ट्यांमधून वीज थेट त्वचेत जाते आणि झिणझिण्या येतात. जेल लावून फिरवतात ते अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरी. दोन पॅडच्या मध्ये सांधा ठेवून खोलवर शेक देतात ती शॉर्टवेव्ह डायथर्मी. ठकठक आवाज करत कंडरेवर मारा करते ती शॉकवेव्ह. नावात 'वेव्ह' असलं तरी शॉकवेव्हचा चुंबकाशी संबंध नाही. बिलावर नुसतं "इलेक्ट्रोथेरपी" लिहिलं असेल तर यातलं नेमकं काय दिलं ते विचारा. तो तुमचा हक्क आहे.

कुणी घेऊ नये?

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं डिफिब्रिलेटर असलेल्यांनी तर कॉइलच्या जवळही बसू नये. कानात कॉक्लिअर इम्प्लांट, कमरेला इन्सुलिन पंप किंवा शरीरात दुसरं कुठलंही विजेवर चालणारं उपकरण असेल तरी नको. गरोदरपणात आम्ही देत नाही. कॅन्सरची गाठ असलेल्या जागी देत नाही. फिट्स येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय देत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना हाडांची टोकं अजून वाढत असताना विशेष कारणाशिवाय देत नाही.

हाडात रॉड किंवा प्लेट आहे म्हणून लगेच नाही म्हणायचं कारण नाही, पण ती कुठली आणि कधीची ते सांगा. ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद सोबत आणलात तर फार बरं. आणि घरी यंत्र असेल तर पेसमेकर असलेले आजोबा त्याच गादीवर दुपारी आडवे होत नाहीत ना, एवढं पाहा.

मशीन घेतोय, तर व्यायाम करायलाच हवा का?

हो. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असती तर मी हीच सांगितली असती. कंडरेला विणायची दिशा ताणातून कळते. कॉइल पेशींना जागं करत असेल कदाचित, पण धागा कुठल्या दिशेने लावायचा ते तिला सांगता येत नाही. ते वजन उचलूनच सांगावं लागतं.

स्वीडनचे अस्थितज्ज्ञ हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये अकिलीसच्या जुन्या दुखण्याने बेजार झालेल्या पंधरा हौशी धावपटूंना एक साधा व्यायाम दिला. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच हळूहळू पायरीखाली सोडायची. वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यायची. पंधराचे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून, तीन फेरे वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे दिवसाला १८० वेळा. ते सगळे पुन्हा धावू लागले. या व्यायामाला वीज लागत नाही, पैसे लागत नाहीत, लागते ती पायरी आणि चिकाटी. दुखणं टाचेच्या हाडाला चिकटूनच असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका, जमिनीवरच करा.

कोपरासाठी : हात टेबलावर पालथा ठेवा, मनगट कडेबाहेर काढा, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर न्या आणि बाटली सावकाश खाली सोडा. खानावळीसाठी रोज शंभरावर भाकऱ्या थापणाऱ्या एका ताईंचा कोपर असाच हळूहळू सुधारला. पंधरा दिवस आम्ही पीईएमएफही दिलं आणि त्याने त्यांची रात्रीची झोप सुधारली. पण हात परत कामाला लागला तो बाटलीच्या व्यायामाने, आणि परातीची उंची बदलून खांद्यातून जोर लावायला शिकल्याने.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी चारपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका.

दर वर्षी आषाढीच्या आधी टाच दुखते म्हणून वारकरी येतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं असतं आणि निघायला आठवडा उरलेला असतो. तेव्हा कुठलंही यंत्र कंडरा तयार करू शकत नाही. माऊली, चैत्रात या. बारा आठवडे आपल्या हाताशी असतील.

त्यापेक्षा एक इंजेक्शन घेऊन टाकलं तर?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे फार बरं वाटतं, यात शंका नाही. पण २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर स्टेरॉइड घेतलेल्यांची स्थिती खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा वाईट होती आणि दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. अकिलीसमध्ये तर कंडरा तुटण्याची भीती असते. खांद्यासाठी कधीकधी ते योग्य असतं आणि तो निर्णय डॉक्टरांचा. दुखणं दडपलं की माणूस दुसऱ्याच दिवशी पोती उचलतो, मला खरी काळजी त्याची वाटते.

मला शुगर आहे. फरक पडतो का?

पडतो. रक्तातली जादा साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि कंडरा जाड, ताठर होते. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाणही जास्त असतं. पीईएमएफ घ्यायला मधुमेहाची आडकाठी नाही, पंप असेल तर मात्र घेऊ नका. साखर आटोक्यात ठेवणं हा तुमच्या कंडरेचा उपचारच आहे असं समजा.

आणखी एक विचारून ठेवते : गेल्या महिन्या-दोन महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं होतं का? या गटातल्या औषधांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेत २००८ पासून त्यावर ठळक इशारा छापावा लागतो. डॉक्टरांना जरूर सांगा.

लेप, शेक, बर्फ चालेल का?

चालेल. ताज्या सुजेवर बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, जुन्या आखडलेल्या दुखण्यावर शेक. आंबेहळदीच्या लेपाने बरं वाटत असेल तर लावा, त्वचा लाल झाली तर काढा. ताज्या दुखापतीवर जोराने चोळू नका.

घरी यंत्र विकत घ्यावं का?

बहुतेकांना माझं उत्तर नाही असंच असतं. माझ्या एका रुग्णाने सोसायटीच्या हॉलमधल्या प्रात्यक्षिकानंतर निवृत्तीच्या पैशांतून महागडी गादी घेतली. गुडघे, शुगर, बीपी, झोप, सगळ्यावर एकच गादी. खांद्याची कंडरा पूर्ण फाटलेली होती हे चार महिन्यांनी सोनोग्राफीत कळलं. तोवर फाटलेलं टोक मागे ओढलं गेलं होतं आणि ऑपरेशन अवघड झालं. गेलेल्या पैशांपेक्षा ते गेलेले चार महिने मला जास्त सलतात.

तरीही घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला विचारा : क्षेत्र किती मिलिटेस्लाचं, किती हर्ट्झचं? कॉइलपासून पाच सेंटिमीटरवर ते किती उरतं? माझ्या दुखण्यावर, नेमक्या याच यंत्राने, खोट्या यंत्राशी तुलना करून अभ्यास झाला आहे का? भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम लागू आहेत, त्याखालची नोंदणी दाखवा. आकडे न सांगता "पेशींची ऊर्जा", "नैसर्गिक लहरी" अशी उत्तरं आली तर तिथून उठा. शक्य असेल तर महिनाभर भाड्याने घेऊन पाहा.

गुण येतो आहे हे कसं ओळखायचं?

"आज बरं वाटतंय" यावर जाऊ नका. सुरुवातीलाच तीन गोष्टी वहीत लिहा. सकाळी उठल्यावर पहिल्या दहा पावलांना दहापैकी किती दुखतं, रात्री किती वेळा जाग येते, आणि जे काम अडलं आहे ते किती करता येतं : किती पायऱ्या, किती भाकऱ्या, वरच्या फळीवरचा डबा निघतो की नाही. दर रविवारी पुन्हा लिहा. सहा आठवड्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. सोनोग्राफीत कंडरा अजून जाड दिसली तरी चिंता करू नका. दुखणं गेल्यावरही ती बरेच दिवस तशीच दिसू शकते.

मशीन, लेप, व्यायाम सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी धावायचं?

चालता-धावताना टाचेमागे फट्‍कन आवाज आला, मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर अकिलीस तुटलेली असू शकते. पालथं झोपून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी अस्थितज्ज्ञांना गाठा आणि पाय टेकवत जाऊ नका. पाऊल हललं तरी तपासून घ्याच.

पडल्यानंतर हात वर उचलताच येत नसेल, दुसऱ्या हाताने उचलून सोडला की खाली पडत असेल, तर महिनाभर शेकत बसू नका, आठवड्याच्या आत दाखवा.

दुखरी जागा लाल, गरम आणि ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यावर कॉइल लावायची नाही. आणि काटा किंवा सुई लागल्यानंतर बोट सगळीकडून सुजलं, वाकलेलंच राहिलं, सरळ करायला गेलं की ठणकलं, तर रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जा. बोटाच्या कंडरेभोवतीच्या वेष्टनात पू झाला असेल तर सकाळपर्यंत थांबण्यातही बोट गमावण्याचा धोका असतो.